बिअरच्या बाटलीतली काकवी

मित्रांनो, आज बिअरचा रिव्ह्यू नाही.

चाखून झालेल्या बिअरच्या देखण्या बाटल्या मी माळ्यावर जपून ठेवतो. आईने त्यातली एक धुऊन काकवी भरली आणि आज शिराळ्याला मामाला दिली. आमचं घर जैन. मामाने काचेवर छापलेलं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

आई शांतपणे म्हणाली, "माझा पोरगा असलं काय घेत न्हाई. भंगारातनं आणली असंल."

मी मान खाली घालून काकवी-भाकरी खात राहिलो.

सांगलीला परतताना एसटीत तिने विचारलं, "भंगारातनंच आणलीस न्हवं रं?"

"व्हय."

"मग अजून चार आण. काच लय चांगली हाय."

मांडीवरच्या सॅकमध्ये तेव्हा आजच्या रिव्ह्यूची बाटली होती. अजून उघडलेली नाही. तुम्ही उघडली असती?