वकीलसाहेबांची हरकत

घड्याळात माझं एक मिनिट उरलं होतं आणि मी राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं टाकला.

समोर वाईचे वकील. ते ताडकन उठले. "पंच! माझी हरकत आहे. डाव मला द्या."

चूक माझीच. मी वडूजचा, देशी बुद्धिबळावर वाढलेला. त्यात राजाला डावात एकदा अशी उडी चालायची. स्पर्धेत चालत नाही. चार वर्षं नवे नियम घोटले होते, पण घाईत हातानं जुनंच केलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माधवनगरच्या एका मिलमध्ये मी बदली कामगार होतो. म्हणजे कुणाचा खाडा पडला तरच काम, नाहीतर गेटवरूनच घरी. मॅनेजर म्हणाले होते, "राज्याच्या टीममध्ये सिलेक्ट हो, परमनंट करतो." सांगलीतली ही शेवटची फेरी. नुसती बरोबरी झाली तरी सिलेक्शन पक्कं होतं.

पटावर माझा एकटा राजा. वकिलांकडे राजा आणि एक प्यादं. ते शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर होणार आणि माझा खेळ खलास.

पंचांनी घड्याळ थांबवलं. "खेळी चुकीची आहे. मागं घ्या, दुसरी खेळा."

"असं कसं? पुस्तक दाखवा!" वकील हटेनात.

पंच कपाटात नियमांचं पुस्तक शोधायला लागले. वकील त्यांच्या मागं मागं फिरत वाद घालत होते. चांगली वीस मिनिटं गेली. घड्याळ बंदच. मी काय करणार? पटाकडे बघत बसलो.

राजाला तीनच घरं होती. तिरकं मागं गेलो तर मेलो. सरळ मागं गेलो तर शेवटी राजा कोंडला जात होता. शह नाही, पण हलायला घरही नाही. याला स्टेलमेट म्हणतात आणि डाव बरोबरीत सुटतो. अरेच्चा, हे मघाशी दिसलंच नव्हतं!

पुस्तक सापडलं. पंचांचंच बरोबर निघालं. मी राजा सरळ मागं घेतला आणि चार खेळ्यांत स्टेलमेट झाला. हुश्श! इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"सुटलात हो," वकील हात मिळवत म्हणाले.

"आवं वकीलसाहेब, तुमी नुसतं 'मागं घ्या' म्हनला असता तर घाईत मेलोच असतो की. लय उपकार झालं."

ते आधी लालबुंद झाले, मग खो खो हसले.

परमनंटचं पत्र मिळालं. त्या नोकरीच्या जोरावर मी पुढं पंधरा-सोळा वर्षं मिलकडून खेळलो. आता शिकायला येणाऱ्यांना एवढंच सांगतो, हरकत जरूर घ्या, पण दोन शब्दांत घ्या आणि खाली बसा.