गवताचा दोष

दातांच्या डॉक्टरांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नव्हती. दाढ काढताना कुणी किंचाळलं, तर तो पेशंट मधेच हललेला असायचा. दवाखाना मुलीच्या ताब्यात देऊन ते छोटी विमानं उडवायला लागले आणि पेशंटची जागा गवताने घेतली.

कारण फ्लाइंग क्लबची धावपट्टी गवताची होती. डॉक्टर पहिल्यांदा आपटले तेव्हा गवत म्हणे फार वाढलं होतं. विमान कुंपणात घुसलं तेव्हा ते ओलं होतं. पुढचं चाक मोडलं तेव्हा कुणीतरी नको तितकं बारीक कापलं होतं. ज्याचं उतरणं फसेल, त्याने पुढच्या कुणाचं फसेपर्यंत गवत कापायचं, अशी क्लबची रीत. ‘पुढचा कुणी’ दरवेळी डॉक्टरच निघत. शेवटी गवत कापायच्या मशीनची किल्ली कायमची त्यांच्या खिशात गेली. खरं सांगायचं तर त्या मशीनवर बसलेले डॉक्टर विमानातल्यापेक्षा जास्त रुबाबदार दिसत.

बायकोने एकदा शेजारी बसावं आणि वरून आपलं घर बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. बाई मात्र ऐकायला तयार नाही.

“ज्या दिवशी ‘माझं चुकलं’ म्हणाल, त्या दिवशी बसेन.”

“अगं, पण न चुकता कसं म्हणू?” डॉक्टर अगदी मनापासून विचारत.

शेवटी क्लबच्या शिक्षकांनी निर्वाणीचं सांगितलं, “डॉक्टर, रविवारी नीट उतरून दाखवा. नाहीतर शेजारी कुणालाच बसवायचं नाही.”

रविवारी बायको बघायला आली. डॉक्टर सकाळपासून गवत कापत होते. हाक आली तसं मशीन पट्टीच्या टोकाला सोडून ते विमानाकडे धावले.

उतरताना वेग नेहमीसारखाच जास्त. विमान जमिनीला टेकायचं नावच घेईना, अर्धी पट्टी तरंगत गेलं. टेकलं तेव्हा डॉक्टरांनी जीव खाऊन ब्रेक दाबले, पण चाकं गवतावरून घसरतच राहिली. मग समोर मशीन दिसलं.

शिक्षक आणि बायको धावत पोहोचले. पुढचा पंखा वाकला होता, विमानाने नाक जमिनीत खुपसलं होतं. डॉक्टर धडधाकट बाहेर आले आणि कडाडले, “हे मशीन इथे कुठल्या गाढवाने...”

तेवढ्यात खिशातली किल्ली मांडीला टोचली. शिक्षक आभाळ न्याहाळू लागले. डॉक्टरांनी गवताकडे पाहिलं. त्याला नावं ठेवायला तिळभरही जागा नव्हती. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. भूल दिलेल्या तोंडातून यावेत तसे शब्द आले.

बायकोने पर्स शिक्षकांच्या हातात दिली, तिरक्या विमानात चढली आणि पट्टा लावून बसली.

“अगं, हे आता उडणार नाही.”

“दिसतंय मला. या आत. वरून घर कुठल्या बाजूला दिसलं असतं, ते तरी दाखवा.”

डॉक्टर शेजारी बसले आणि त्यांनी ऐटीत बोट केलं.

“अहो, तिकडे नाही. इकडे.”

डॉक्टरांनी एकदा गवताकडे पाहिलं, मग बोट फिरवलं.

“हो,” ते म्हणाले, “चुकलं.”