फळ्यांच्या भिंतीपलीकडची टकटक

बेंगळुरूच्या आमच्या शाळेत गणिताच्या तासाला मुलींना शेजारच्या शिवणाच्या खोलीत पाठवत. मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. माझी अक्का वर्षानं मोठी, पण माझ्याच वर्गात होती. ती पलीकडून मास्तरांचं गणित ऐकायची आणि बोटातल्या अंगुस्तानानं उत्तराचे आकडे फळीवर वाजवायची. मी मोजून सांगायचो. मास्तर खूश! "बघा रे, याला म्हणतात मुलाचं डोकं!"

पुढं अक्कानं आपल्यालाही गणितच शिकायचं म्हणून घरी हट्ट धरला. अप्पांनी मला विचारलं, "काय रे, जमेल का हिला?" अक्का माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, "मुलींना नाही जमत, अप्पा."

"सरी, ठीक आहे. मग शाळा तरी कशाला?" अप्पा म्हणाले. तिची शाळाच सुटली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी शिवणाच्या खोलीला कुलूप होतं. मास्तरांनी गणित घातलं आणि मी नुसता उभा राहिलो. तेवढ्यात फळीवर टकटक झाली. मी मोजलं, उत्तर दिलं. बरोबर आलं. आवाज मास्तरांनीही ऐकला होता. त्यांनी कुलूप काढून पाहिलं, तर आत झाकून ठेवलेली मशिनं तेवढी.

घरी अक्का अप्पांच्या सदऱ्याला बटणं लावत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आलं ना रे बरोबर?"

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. मी इंजिनिअर झालो. हिशेबात अडलो की अजून टकटक ऐकू येते. आणि खरं सांगायचं तर, मी अजूनही निमूट मोजून घेतो.