तळ्याकाठचा सत्कार

अर्ज मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला गावात डोकी पुष्कळ आहेत, पण पहिलं डोकं माझंच.

मी मूळची मेढ्याकडची. लग्न होऊन तासगाव तालुक्यातल्या या गावात आले, इथल्याच शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, तरी गावाच्या लेखी मी अजून 'मेढ्याची बाई'च. म्हणून पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक हाती आलं तेव्हा मी लगेच विरघळले. पोटासाठी परमुलखातून आलेल्यांचं स्वागत करणाऱ्या, त्यांच्या सणांचा मान राखणाऱ्या गावांना छोटं अनुदान मिळणार होतं. आमच्याकडे अशा माणसांना तोटा नाही. ऑक्टोबर छाटणीला बिहारच्या टोळ्या आल्या नाहीत तर द्राक्षबागा तशाच उभ्या राहतील. पण त्यांतल्या कुणाला गावानं नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळे 'भैय्ये'.

आमच्या शेजारच्या बागेत पत्र्याच्या दोन खोल्यांत अशी एक टोळी राहायची. पुरुष छाटणी करत, बायका मागून काडीचे डोळे लवकर फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावत. त्यातली एक बाई माझ्याकडे ताक न्यायला यायची. एकदा ताकाचा तांब्या हातात धरून तिनं विचारलं, गावच्या तळ्यात आम्हांला दोन वेळा उभं राहू देतील का? दिवाळीनंतर सहाव्या दिवशी त्यांची छठ. दीड दिवस पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, संध्याकाळी पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उगवत्याला. तिच्या सासूनं हे व्रत जन्मभर चालवलं. आता तिचे गुडघे गेले, तिनं अर्घ्याचं सूप सुनेच्या हाती दिलं. सुनेचं हे पहिलंच वर्ष, आणि छाटणी सोडून गावी जाता येत नव्हतं.

"पहला साल है, मॅडम जी. छूटना नहीं चाहिए," ती म्हणाली.

मागणं एवढंच होतं. तळं, आणि सूर्य बुडायच्या वेळची घटकाभर मोकळीक.

मी सरपंचांकडे गेले. ते आधी ऐकेनात. "आवं बाई, आज ही म्हनत्यात, उद्या आनि कोन म्हनंल. गावाचं तळं हाय ते." मग मी अनुदानाचं पत्रक काढलं. पुण्याची माणसं बघायला येतील, गावाचं नाव होईल म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मग रीतसर कार्यक्रमच करू की. लय झकास करू."

आमच्याकडे रीतसर कार्यक्रम म्हणजे काय, हे सगळी हयात शाळेच्या स्नेहसंमेलनांत घालवलेल्या बाईला कळायला हवं होतं. मला तळ्याची परवानगी मिळाल्याचा आनंद झाला होता. अक्कल गहाण टाकायला तेवढं पुरतं.

अनुदान मंजूर झालं. तळ्याच्या बांधावर मांडव पडला. माइक आला, फेटे, शाली, नारळ आले. 'नवागतांचे हार्दिक स्वागत' असा फलक लागला. त्यावर सरपंचांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत अकरा जणांचे फोटो होते, नवागतांपैकी कुणाचा नव्हता.

बायका चार वाजताच आल्या. पिवळ्या साड्या, नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत शेंदूर, सुपात फळं, नारळ, गुळाचे तळलेले ठेकुए. पुरुषांच्या खांद्यावर ऊस. त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या. आमची पोरं चहाचे कप घेऊन फिरू लागली. उपास आहे म्हटलं तर "निदान पाणी तरी घ्या," म्हणून आग्रह. पाणीसुद्धा चालत नाही, हे मी चार वेळा सांगितलं.

सरपंचांनी बोलावलेले प्रमुख पाहुणे कवठे महांकाळहून निघाले होते. साडेचारला निघाले होते, पाचलाही निघालेच होते. पाहुण्यांवाचून नारळ फोडायचा नाही, ही आमची रीत. ते आले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग सत्कार. सत्काराला आमच्याकडे मानपानाचा क्रम असतो. तो चुकला तर माणसं पाच-पाच वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत.

ती बाई सूप मांडीवर धरून मान वळवून पश्चिमेकडे बघत होती. मग उठली. तिच्याबरोबर दुसऱ्याही उठल्या. सूत्रसंचालनाला आमचे निवृत्त सुभेदार होते, हिंदी येतं म्हणून. ते माइकवरून म्हणाले, "बहनों, बैठ जाइए. आप ही का सत्कार होना है." बायकांनी व्यासपीठाकडे पाहिलं. तिथं त्यांचा बागायतदार फेटा बांधून बसला होता. त्यानं हातानंच खाली बसा अशी खूण केली. त्या बसल्या.

मी दुसऱ्या रांगेत, व्यासपीठावरच होते. उठून माइक ओढून घ्यायचा होता. 'कार्यक्रम थांबवा, सूर्य चाललाय,' एवढी चार शब्दांची गोष्ट. मी उठलेही. नेमकं तेव्हाच सुभेदारांनी माझं नाव पुकारलं, "या उपक्रमाच्या प्रणेत्या". टाळ्या झाल्या. मी पुढे गेले, वाकले, शाल घेतली, नारळ घेतला, फोटोसाठी थांबले. वळून पाहिलं तर डोंगरावर नुसती लाली उरली होती. मला ती शाल अंगावर नकोशी झाली, पण काढून ठेवायचं धैर्यही झालं नाही.

नवागतांचा सत्कार सगळ्यांत शेवटी झाला. नंतर सगळे तळ्यावर उतरले. ती कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली, समोर काहीच नव्हतं. पाहुण्यांनी तिचं सूप मागून घेतलं, बुटांसह काठावर उभं राहून अर्घ्य दिल्यासारखं केलं, फोटो निघाला. तोच फोटो अहवालात गेला.

मी सरपंचांना म्हटलं, "अहो, तिचं व्रत मोडलं." त्यांना खरंच काही कळलं नाही. "आवं बाई, मावळला तर मावळला. उद्या उगवतोयच की."

काठावर तिच्या नवऱ्याच्या खिशात फोन वाजला. गावाकडून सासू होती. ती ओल्या साडीनिशी बाहेर आली, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "हाँ अम्मा, दे दिया." मग फोन नवऱ्याच्या हातात दिला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संस्थेनं उपक्रमाचं कौतुक केलं, पुन्हा अर्ज करायला सुचवलं. मी केला नाही. सरपंचांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला.

पुढच्या वर्षी टोळी आली, पण तळ्याबद्दल मला कुणी विचारलं नाही. ताकालाही ती आली नाही. छठच्या दिवशी मीच शोधत गेले. बागेच्या टोकाला जाळीचं कुंपण घातलेलं शेततळं आहे. आत अंथरलेल्या प्लास्टिकच्या काळ्या कागदावरून पाय घसरतो म्हणून त्यांनी खुंटाला दोर बांधला होता. मला पाहून सगळे बाजूला सरले. एकानं पळत जाऊन माझ्यासाठी खुर्ची आणली.

तिनं सूप छातीशी धरलं आणि विचारलं, "मॅडम जी, आज भी कुछ है क्या?"

मी नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. तरी ती दोर धरून घाईघाईनं पाण्यात उतरली. सूर्य मावळायला अजून तासभर होता.