शिवानीच्या बेटावरची बंद घरं

आंबिवली मागे पडली तेव्हा शिवानीने चपला काढून हातात घेतल्या. नवस वगैरे नव्हता, नवीन चप्पल चावत होती. संकष्टीला विठ्ठलवाडीहून टिटवाळ्याच्या गणपतीला पायी जायचं, हा सगुणामावशीचा बारा वर्षांचा नेम. भाची या वेळी पहिल्यांदाच बरोबर आली होती आणि वाटभर गप्प होती.

"गणपतीला सांगणारच आहेस ना? आधी मला सांग," मावशी म्हणाली.

"अगं, माझं बेट बंद करणारेत."

शिवानीचं बेट मोबाईलमध्ये होतं. रिक्षावाल्याची ही मुलगी बाळकुमच्या एका छोट्या गेम कंपनीत पाच वर्षं नोकरीला होती. त्यांच्या ऑनलाइन खेळात दोनेकशे माणसं एका बेटावर उतरतात, लाकडं तोडतात, घर बांधतात, भुकेपासून आणि लांडग्यांपासून जीव वाचवतात. मराठी खेळाडूंचं बेट शिवानीकडे. आलेला माणूस टिकवायचा, हेच तिचं काम. कोणाची परीक्षा आहे, कोणाला मुलगी झाली, सगळं तिला पाठ. पण नवीन लोक दोन दिवसांत निघून जात होते. महिनाअखेरीपर्यंत ते टिकले नाहीत तर बेट बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

"रोज येणाऱ्याला बक्षीस ठेवलं. येतात, घेतात, जातात."

"आमच्या भजनालाही आहेत तसे. आरती संपता संपता येतात, प्रसादाच्या रांगेत पहिले." मावशीला हसू आलं. "जाताना काय म्हणतात?"

"जागाच नाही म्हणतात. नदीकाठी नुसती घरं. त्यातली त्रेसष्ट बंद, मालक वर्षभर फिरकलेले नाहीत. महिनाभर कोणी आलं नाही की घर आपोआप पडायचं. तो नियम मीच काढून टाकला. म्हटलं, परत आल्यावर घर दिसलं नाही तर काय वाटेल त्यांना?"



"आमच्या भजनातल्या रखमाबाई मुलाकडे नाशिकला गेल्या ना, त्यांचे टाळ मी असेच जपून ठेवलेले. आणि नवीन आलेली एक बाई नुसत्या टाळ्या वाजवत बसायची. दोन गुरुवार आली, मग बंद."

"मग?"

"रखमाबाईंना फोन केला. टाळ देऊ का कोणाला? त्या म्हणाल्या, विचारतेस काय, दे की. मग मीच टाळ घेऊन त्या बाईच्या दारात गेले. अजून येते. लय चुकते, पण येते."

शिवानी चालता चालता थांबली. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने कळव्याच्या कमलेशला मेसेज टाकला. त्या बंद घरांतलं त्याचं घर सगळ्यात जुनं. 'तुझं घर नवीन पोराला देऊ? दारावर नाव तुझंच राहील.'

टिटवाळ्याच्या पहिल्या बिल्डिंगी दिसायला लागल्या तेव्हा उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं. 'दे ना. पण छप्पर गळतं त्याचं. आज येतो, दाखवतो त्याला कसं बसवायचं ते.'

"म्हणजे एकाचे दोन झाले," मावशी म्हणाली.

"अजून बासष्ट आहेत." शिवानीने चपला खाली टाकून पायात सरकवल्या. "मावशी, त्या मालकांना काय विचारायचं ते तू लिहून देशील? दोनच ओळी. मी लिहिलं की ऑफिसची नोटीस होते. दर्शन झालं की लिही, आणि मला आधी दाखवू नकोस, मी सुधारत बसेन."