अर्ध्या भाकरीचे दिवस

“वजन उतरवा, मग पाहू,” एवढेच त्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या हातात ना औषधाची चिठ्ठी होती, ना काढ्याची बाटली. हाती होते फक्त एक वाक्य, आणि ते कुणालाही दाखवता येण्याजोगे नव्हते. मूल का होत नाही, हे लोकांनी आडून विचारायचे सोडून सरळ विचारू लागावे, इतकी वर्षे तेव्हा लग्नाला झाली होती. बाहेर सोलापूरचे ऊन पांढरेफटक पडले होते. रस्त्यावरची माझी सावली मी त्या दिवशी प्रथमच रुंदीच्या दृष्टीने पाहिली.

मी कृष्णाकाठची, भातावर वाढलेली. मराठी कविता घेऊन एम.ए. करून या ज्वारीच्या मुलखात सून म्हणून आले, तेव्हा इथला पहिला परिचय कानांनी झाला. पहाटे गिरणीचा भोंगा, पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खटखट, आणि या दोन्हींच्या मधोमध सासूबाईंच्या तळव्याखाली फिरणाऱ्या भाकरीचा मऊ, ओला, एका लयीतला आवाज. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत, म्हणजे आईच. मीही तेच म्हणू लागले. आमचे घर लिंगायत, व्यापारी. देवघरात मराठी आणि स्वयंपाकघरात कानडी, असा काहीसा भाषांचा वाटा पडलेला. दारात आलेल्या कुणालाही अव्वांचा पहिला प्रश्न असे, “ऊट आतेनु?” जेवण झाले का? उत्तर काहीही आले तरी ताट वाढलेलेच असे.

स्वतः अव्वा काडीसारख्या होत्या. सगळ्यांच्या मागून जेवत आणि तव्यावरची शेवटची भाकरी शेंगाचटणीशी उभ्या उभ्या संपवत. मात्र दुसऱ्याच्या ताटाकडे त्यांचे जे लक्ष असे, तसे लक्ष मी पुढे फार थोड्या माणसांत पाहिले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षेच झाली होती. रेशनच्या लाल ज्वारीचा तो उग्र वास घरातून गेला होता, तरी अव्वांच्या हातातून गेला नव्हता. त्या अजूनही वाढताना घाईने वाढत, जणू मधेच कुणी तरी पातेले काढून नेणार आहे. नको म्हणून मी ताटावर हात आडवा धरला की त्या बोटांच्या फटीतून तूप सोडत. तूप पोळण्याइतके गरम नसे, पण हात मागे घ्यावाच लागे.

अशा घरात मला बारीक व्हायचे होते, तेही कारण न सांगता.

कारण फक्त यांना, माझ्या यजमानांना ठाऊक होते. यांचे सुताचे दुकान होते. घरी वजनकाटा नव्हता आणि दवाखान्यात पुन्हा पुन्हा जाण्याचे धैर्य मला नव्हते. म्हणून दुपारी, बाजार पेंगुळलेला असताना, यांनी दुकानाची फळी अर्धी लावून मला सुताच्या गाठी, म्हणजे मोठे गठ्ठे, तोलायच्या काट्यावर उभे केले. कोऱ्या सुताचा खळकट, किंचित आंबूस वास, पायाखाली हेलकावणारे लाकडी पारडे, वर छताच्या वाशाला बांधलेली साखळी. मी साखळी धरली, तर हे म्हणाले, “ती सोड, नाहीतर वजन कमी भरेल.”

“भरू दे की कमी.”

“मग तुला डॉक्टरीणबाईकडे साखळीसकट नेऊ या,” असे म्हणून हे हसले, आणि वजने चढवताना चेहरा मात्र अगदी व्यापाऱ्याचा केला. आकडा यांनी मोठ्याने उच्चारला नाही. “एक गाठ, आणि वर थोडी लडी,” असे म्हणाले. आज आठवते तेव्हा नवल वाटते, की तो काटा तिथेच होता, हेही तिथेच होते, पण यांनाही तोलून किंवा तपासून पाहावे असे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नाही.

एका मासिकातल्या बायकांच्या पानावर वाचून मी माझा नेम ठरवला. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू. जेवणात भात बंद आणि भाकरी अर्धी. खोलीला कडी घालून सूर्यनमस्कार. आणि चालणे. चालण्यासाठी कारण लागते. सुनेने नुसतेच रस्त्याने चालावे, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या समजुतीत बसणारी नव्हती. म्हणून मी सिद्धेश्वराच्या दर्शनाला पहाटे जाऊ लागले. तळ्याचे पाणी त्या वेळी शिशासारखे जड आणि निश्चल असे. देवळाकडे जाणारी वाट रात्रीच्या गारव्याने ओलसर, बेलाचा आणि कापराचा वास हवेत नुकता उमटू लागलेला. मी दर्शन घेई आणि मग घरी सरळ न येता तळ्याला वळसा घालून लांबच्या वाटेने येई. देवाला माझी लबाडी कळत असणार. मात्र त्या वळशात मला प्रथमच स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. इतकी वर्षे मी छंद आणि वृत्ते शिकले होते; आपल्या छातीतही एक वृत्त आहे आणि चढावर ते बदलते, हे मला चालता चालता कळले.

भूक ही तर निराळीच विद्या होती. अर्धी भाकरी खाऊन उठले की उरलेल्या अर्ध्या भाकरीचा वास दिवसभर माझ्यामागे घरभर हिंडे. दुपारी अव्वा उखळात शेंगदाणे, लसूण आणि तिखट घालून चटणी कुटत. मुसळाच्या घावांनी दाण्यांतून तेल सुटू लागले की आवाज बदले, कोरड्याचा ओला होई, आणि तो नुसता आवाज ऐकून माझ्या जिभेखाली पाणी येई. मी वाचायला घेतलेले पुस्तक तसेच उघडे राही. उपाशी माणसाला शब्दांपेक्षा वास अधिक नेमका समजतो.

अव्वांनी माझे ताट पाहिले होते, यात शंका नव्हती. पण त्या रागावल्या नाहीत, हे मला विचित्र वाटत होते. उलट त्या मऊ झाल्या. पाण्याची घागर मी उचलायच्या आत कमरेवर घेऊ लागल्या. एके दिवशी माझ्या उशाशी चिंचेची कोवळी बोटुके ठेवलेली दिसली. नमस्कार घालून घामेजलेली, लाल झालेली मी खोलीबाहेर आले की त्या पदराने माझे कपाळ टिपत आणि म्हणत, “पडून ऱ्हा जरा. कामं काय पळून जात्यात व्हय?” मला वाटले, माझी उतरलेली मुद्रा पाहून त्यांना दया येते आहे. बाई कवितेत एम.ए. झाली म्हणून घरातल्या खुणा तिला वाचता येतातच असे नाही.

मग एका सोमवारी दुपारी अव्वांनी मला पाटावर बसवले. शेजारच्या काकू आणि समोरच्या घरातली थोरली सून अशा दोघीच जणी आल्या होत्या. दार पुढे लोटून घेतलेले. अव्वांनी माझ्या कपाळाला विभूती लावली, मग कुंकू. पदरात तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि त्यावर हिरवागार, कडक खळीचा खण ठेवला. नव्या कापडाचा तो करकरीत वास आला आणि मला सगळे एकदम समजले. ही चोरचोळी होती. तिसरा महिना लागला की पोटातली गोष्ट जगाला कळण्याच्या आत घरच्या बायकांनी चोरून भरायची ओटी.

सकाळचे लिंबू, नको झालेली भाकरी, घामेजलेला चेहरा, पहाटेचे देवदर्शन. त्यांनी माझ्या उपासमारीची एक एक खूण वेचून तिचे डोहाळे केले होते. शेजारच्या घरांत बाई चार दिवस बाजूला बसली की साऱ्या गल्लीला कळे. आमच्यात तो विटाळ मानत नाहीत. गळ्यात लिंग असणारीला विटाळ कसला, असे अव्वा अभिमानाने सांगत. त्यामुळे माझ्या महिन्याचा हिशोब ठेवणारे त्या घरात माझ्यावाचून कुणी नव्हते.

“अव्वा,” मी म्हणाले, “तसं काही नाही.”

“लाजतीय,” काकू म्हणाल्या. “पहिलटकरीण हाय.”

“लाजत नाही, काकू. खरंच नाही.”

“आमच्या धाकटीनं तर पाचव्या महिन्यापर्यंत न्हाईच म्हटलं होतं,” समोरची थोरली सून म्हणाली, आणि दोघी हसल्या. अव्वाही हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असे हसू मी पाहिले नव्हते. ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे मात्र सांडलेले. ते हसू मोडणे माझ्याच हाती होते. त्या क्षणी मला चालणे, लिंबू, वजन, काहीच नको होते. ते हसू खरे ठरावे, एवढेच हवे होते.

“परवाच मी बाहेरची होते,” मी म्हणाले. आमच्या घरी न वापरला जाणारा तो शब्द मी काकूंना कळावे म्हणून वापरला.

हसणे थांबले. काकूंनी विचारले, “मग रोज लिंबू गं कशाला लागतं तुला?”

“बारीक व्हायला.”

“बारीक व्हायला?” काकूंनी समोरच्या सुनेकडे पाहिले. “दुष्काळात सांगायचं न्हाई व्हय! सरकारी कामावर खडी फोडायला धाडलं असतं की. फुकटात बारीक झाली असतीस, वर खायला सुकडी मिळाली असती.”

समोरची सून फसकन हसली. मला खाली पाहवेना आणि वरही पाहवेना. तेव्हा अव्वा बोलल्या, अगदी शांतपणे. “माझी समजूत चुकली. तिचं काय चुकलं न्हाई. चहा घ्या, साखर घातलीय.” मी पदरातला खण काढून पाटावर ठेवू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. “ओटीतलं माघारी द्यायचं नसतंय. ऱ्हाऊ दे.”

दोघी चहा पिऊन गेल्या. दार पुन्हा लोटले गेले. अव्वा कपबश्या विसळत राहिल्या, बराच वेळ, स्वच्छ झालेल्या कपबश्याही. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारले, “डाक्टरीण काय म्हणली?” दवाखान्याचे त्यांनी कसे ओळखले, कोण जाणे.

मी सांगितले. ते एक वाक्य सांगायला किती थोडा वेळ लागला, याचे मला आश्चर्य वाटले.

“मला का न्हाई सांगितलंस?”

“तुम्ही वाढता तेव्हा मला नाही म्हणवत नाही, अव्वा. म्हणून गुपचूप...”

त्यांनी शेवटची बशी पालथी घातली. “म्हंजे मी वाढते म्हणून तू जाड. आनि जाड हाईस म्हणून पोर न्हाई.” बशीवर हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, “म्हंजे माझ्यामुळंच की.”

तसे मला म्हणायचे नव्हते. पण ‘तसे नाही’ हे शब्द त्या दुपारी मी आधीच इतक्या वेळा वापरले होते की ते झिजून गेले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी ओल्या हाताने माझ्या दंडाला स्पर्श केला, धान्याचे पोते चाचपावे तसा. “एवढी काय जाड न्हाईस,” त्या म्हणाल्या, आणि परसात निघून गेल्या.

संध्याकाळी भोंगा झाला, गिरणीतून माणसे परतू लागली, गल्लीत सायकलींच्या घंटा वाजल्या. अव्वा नेहमीसारख्या परातीसमोर बसल्या. मी पाणी ठेवायला आत गेले तेव्हा त्यांनी पीठ मळून त्याचा लिंबाएवढा गोळा तोडला, आणि मोठ्या भाकरीला लागतो त्याहून पुष्कळ हलक्या हाताने, बोटांच्या नुसत्या शेंड्यांनी तो थापला. तळहाताएवढी, काठ न फाटलेली, गोल भाकरी झाली. लहान मुलांना थापून देतात ती, चानकी. त्या घरात चानकी झालेली मी कधी पाहिली नव्हती. ती खाणारे कुणी नव्हतेच. तव्यावर ती चंद्रकोरीसारखी आधी एका कडेने फुगली, मग सगळीच फुगली.

“मोडकी अर्धी भाकरी सुनेच्या पानात वाढवत न्हाई मला,” त्या म्हणाल्या. “एवढीच खा. पण आख्खी खा.”

त्यांनी ती माझ्या ताटात ठेवली आणि तुपाच्या वाटीकडे पाहिलेसुद्धा नाही. मी मुद्दाम हात आडवा न धरता बसले होते. कुणी आग्रह केला नाही. मी हळूहळू ती भाकरी खाल्ली. आणि इतके दिवस ज्या आग्रहापासून पळत होते, त्याचीच शेवटच्या घासापर्यंत वाट पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीला कडी घालणे सोडले. अव्वा कधी उंबऱ्यावर बसून माझे नमस्कार पाहत आणि “पाठ वाकडी हुतीय” असे सांगत. पाव्हणे आले की मात्र त्यांना दुप्पट वाढत. काकूंनी पुन्हा एकदा लिंबाचा विषय काढला, तेव्हा अव्वांनी त्यांना एक लिंबू कापून देऊन टाकले.

मुलगी व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. तोवर गेलेले वजन पुन्हा अंगावर आले होते, त्यामुळे डॉक्टरबाईंचे म्हणणे खरे होते की नाही, हे मला कळायचे राहूनच गेले. आणि मुलगी भाकरी मागण्याएवढी होईपर्यंत त्या घरात चानकी माझ्यासाठीच होत राहिली.