वाडीत वर बघायचं असतं

आज पनवेलच्या बाजारात असोल्या, सालासकटच्या सुपारीच्या ढिगाजवळून गेले आणि त्या ओलसर, तुरट वासानं मला दिवेआगरच्या आमच्या वाडीत नेऊन उभं केलं.

वाडीत शिरलं की आमच्याकडे माणूस आधी वर बघतो. सुपारीचे घड कसे लागलेत, एखादा नारळ डोक्यात तर पडणार नाही ना. माझा थोरला भाऊ, दादा, लहानपणापासून तसाच चालायचा. मग त्याची ऊठबस म्हसळ्याच्या जमीन एजंटांत सुरू झाली आणि तो त्यांचेच डोळे घेऊन घरी येऊ लागला. एका सकाळी तो वाडीत शिरला तो खाली बघत, पावलांनी जमीन मोजत.

"अरं, वर बघ! सुपारी काय मातीत लागते व्हय?" आबा, आमचे वडील, ओरडले.

"वाडी न्हाय आबा, प्लॉट म्हणा. रोडटच हाय, रस्त्याला लागून."

तेव्हा मला त्या नव्या शब्दाचं हसू आलं होतं. आज तो सुपारी लागावी तसा घशात लागतो.

वाडी विकली, तिथं रिसॉर्ट झालं आणि दादाचे ते दोस्त दुसऱ्याच्या वाडीत शिरले. आता दादा इथल्या फ्लॅटमध्ये आडवा पडून दिवसभर वर बघतो.

वर पंखा फिरत असतो.